कंट्रोलच्या सेल्स हिरव्या झाल्या तिथून पुढे

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षात माझ्याकडे एक ग्राफ होता जो मला फार आवडायचा. चार बार, पहिला बुटका, मग चढत चढत चौथा सगळ्यात उंच, आणि एरर बार पण छान बारीक. चित्रकाच्या मुळात प्लंबॅजिन नावाचं एक पिवळं रसायन असतं (हाच तो चित्रक जो चित्रकादि वटीत असतो आणि जो चुन्याच्या निवळीत शुद्ध करून मगच वापरतात), ते हेला सेल्सवर (लॅबमध्ये वाढवतात त्या माणसाच्या कॅन्सरच्या सेल्स) टाकलं की सेल्सच्या आत आरओएस वाढतात असं तो ग्राफ सांगत होता. आरओएस म्हणजे ऑक्सिजनपासून तयार होणारे तापट रेणू, सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल रॅडिकल ही सगळी मंडळी. माझ्या अर्ध्या थिसिसचा पाया या एका ग्राफवर होता. तो ग्राफ कसा हातातून गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते लिहितेय, कारण हीच किट, हाच प्रोटोकॉल वापरून आत्ता या घडीला महाराष्ट्रात कितीतरी मुलंमुली प्लेटा लावत असतील.

आधी ही पद्धत काय ते सांगते. डीसीएफडीए नावाची एक डाय असते. ती स्वतः चमकत नाही. ती सेलच्या पडद्यातून सहज आत जाते, आत गेली की सेलमधली एस्टरेज एन्झाइम्स तिच्या दोन शेपट्या कापतात, मग तिला पटकन बाहेर पडता येत नाही, आणि आत तिचं ऑक्सिडेशन झालं की ती डीसीएफ होते आणि हिरवी चमकते. ४८८ नॅनोमीटरचा निळा लेझर मारायचा, ५२५ च्या आसपास हिरवा प्रकाश मोजायचा, जितका हिरवा तितके आरओएस. मला शिकवताना असंच शिकवलं होतं आणि मी पण पुढे तिघांना असंच शिकवलं.

लॅब मीटिंगमध्ये माझ्या गाइड मॅडमनी तो ग्राफ बघितला, आणि मग मागची टाइम कोर्सची स्लाइड काढायला लावली जी मी घाईघाईत पुढे ढकलली होती. त्यात औषध न दिलेला कंट्रोल पण एका तासात दुप्पट झाला होता. मॅडम म्हणाल्या, "कंट्रोल का चढतोय गं? त्याला तर तू काहीच दिलेलं नाहीस." मी म्हटलं बेसल आरओएस असतील मॅडम. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त म्हणाल्या एकदा कॉन्फोकलवर (लेझरच्या मायक्रोस्कोपवर) बघून घे, नुसत्या प्लेट रीडरवर विसंबू नकोस.

कॉन्फोकलचा स्लॉट मिळाला रात्री नऊचा. गुरुवार होता, दिवसभर लाइट नव्हती, इनक्युबेटर जनरेटरवर, त्यामुळे सेल्सची आधीच काळजी. अंधाऱ्या खोलीत मी एकटी, आणि स्क्रीनवर कंट्रोलची डिश, फक्त डाय घातलेली, प्लंबॅजिनचा थेंबही नाही. दर तीस सेकंदांनी एक फोटो असं लावून दिलं आणि बसले. पहिल्या फोटोत सेल्स जेमतेम दिसत होत्या, दहाव्या फोटोत बऱ्यापैकी हिरव्या, आणि चाळिसाव्या फोटोपर्यंत अशा झगझगीत झाल्या की मला वाटलं चुकून औषधाची डिश ठेवली की काय. झाकणावरचं नाव बघितलं. कंट्रोलच होती.

मग मी सहज, म्हणजे खरंच काही विचार करून नाही, लेन्स बदलली, ६३ ची काढून १० ची लावली, म्हणजे जास्त मोठा भाग दिसतो. आणि समोर जे दिसलं ते मी आजही डोळे मिटले तरी बघू शकते. सगळं दृश्य काळं, आणि मधोमध एक हिरवा चौकोन. अगदी पट्टीने आखल्यासारखा. चौकोनाच्या कडेवर एक सेल होती जी अर्धी आत अर्धी बाहेर आली होती, तिचा आतला भाग जास्त उजळ आणि बाहेरचा फिका. मी जेवढा भाग लेझरने स्कॅन करत होते तेवढाच चौकोन. म्हणजे सेल्स आरओएस बनवत नव्हत्या, माझा लेझर डायला ऑक्सिडाइज करत होता, आणि मी तेच मोजून वर बारचे ग्राफ काढत होते.

त्या रात्री हॉस्टेलवर गेल्यावर झोप लागली नाही. सकाळी आईला फोन केला, ती कराडला असते, तिला यातलं काही कळत नाही पण आवाजावरून सगळं कळतं. म्हणाली, "मग आता परत पहिल्यापासून का?" मी म्हटलं हो. "किती दिवस लागतील?" माहीत नाही म्हटलं. "मग ये दोन दिवस घरी." गेले. दोन दिवसांत लॅपटॉपवर जे जे मिळेल ते वाचून काढलं, आणि वाचता वाचता लाज पण वाटत होती आणि राग पण येत होता, कारण यातलं बरंचसं मी शाळेत होते तेव्हापासून छापलेलं होतं.

तर डीसीएफचं खरं काय ते ऐका. हे मूळ रसायन १९६५ साली केस्टन आणि ब्रँट यांनी वापरलं ते टेस्टट्यूबमध्ये, पेरॉक्सिडेज एन्झाइमच्या सोबतीने, अत्यंत थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड मोजायला. पेरॉक्सिडेज सोबत होतं म्हणून ते चाललं. नुसतं हायड्रोजन पेरॉक्साइड या डायशी जवळजवळ रिअॅक्शनच करत नाही! मध्ये कोणीतरी दलाल लागतो, मोकळं लोह किंवा पेरॉक्सिडेज किंवा सायटोक्रोम सी. आणि सायटोक्रोम सी मायटोकॉन्ड्रियातून कधी बाहेर पडतं? सेल मरायला लागली की, अॅपॉप्टोसिसमध्ये. म्हणजे माझं औषध सेल्स मारतंय, मरताना सायटोक्रोम सी बाहेर आलं, त्याने डाय पेटवली, आणि मी लिहिणार की आरओएस वाढले म्हणून सेल्स मेल्या. कारण आणि परिणाम सरळ उलटे झाले तरी ग्राफ तसाच्या तसा येणार.

आणि एवढ्यावर संपत नाही. डायचं ऑक्सिडेशन होताना मध्ये एक अर्धवट रॅडिकल बनतं, ते ऑक्सिजनशी भिडलं की सुपरऑक्साइड तयार होतं, त्याचं पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होतं, आणि ते परत डायला ऑक्सिडाइज करायला हजर. मोजायचं साधनच मोजायची वस्तू तयार करतंय. हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून गच्चीवर जाऊन उभी राहिले होते थोडा वेळ.

परत आल्यावर मॅडमना चौकोनाचा फोटो दाखवला. मला वाटलं होतं रागावतील. त्यांनी तो फोटो मोठा करून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "हा प्रिंट काढून मशीनशेजारी लाव." मग आम्ही ठरवलं की जे जे चुकू शकतं ते एकेक करून धरायचं.

पहिल्यांदा प्लेटमध्ये सेल्स न घालता नुसता मीडिया (सेल्स वाढवायचा द्रव) आणि डाय. तिथेही हिरवा सिग्नल चढला, कारण सीरममध्येच एस्टरेज असतात, डायच्या शेपट्या बाहेरच कापल्या जातात, शिवाय मीडियातल्या फिनॉल रेड या रंगामुळे बॅकग्राउंड वाढतं. मग फिनॉल रेड नसलेला, सीरम नसलेला बफर घेतला. सगळं फॉइलमध्ये, ट्यूबा तपकिरी, हूडचा दिवा बंद.

मग पॉझिटिव्ह कंट्रोल. बाहेरून १०० मायक्रोमोलर हायड्रोजन पेरॉक्साइड टाकलं की सिग्नल यायला पाहिजे ना, तर कधी यायचा कधी नाही. यात माझे तीन आठवडे गेले. एक दिवस आमच्या लॅबचे काका फ्रिज साफ करत होते, त्यांनी पेरॉक्साइडची बाटली पुढे केली आणि विचारलं, "ताई, ही ठेवायची का टाकायची? झाकण सैल आहे केव्हापासून." तीस टक्क्यांची बाटली ताजी असेल तर साधारण ९.८ मोलर असते. हजार पट पातळ करून २४० नॅनोमीटरला शोषण मोजलं, ताज्या बाटलीचं ०.४३ च्या आसपास यायला हवं होतं, आलं ०.२९. एक तृतीयांश माल उडून गेला होता आणि मी वहीत दर वेळी १०० मायक्रोमोलर लिहीत होते. नवीन बाटली आणली, रोज मोजायला लागले, तरीही मीडियात टाकलं की सिग्नल नाही आणि बफरमध्ये टाकलं की भरपूर. उत्तर मीडियाच्या बाटलीच्या लेबलवरच होतं, सोडियम पायरुवेट, १ मिलिमोलर. पायरुवेट हायड्रोजन पेरॉक्साइडला सरळ खाऊन टाकतं, अॅसिटेट, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं त्याचं. म्हणजे मी टाकत होते १०० मायक्रोमोलर आणि त्याला संपवायला दहापट पायरुवेट आधीच बसलेलं. लेबल मी दोन वर्षं रोज हातात घेत होते.

आता एनएसीबद्दल, कारण सगळ्यात जास्त वाईट मला याचं वाटलं. एन-अॅसिटिल सिस्टीन हे अँटिऑक्सिडंट म्हणून सगळे वापरतात. औषधाआधी एनएसी दिलं आणि सेल्स वाचल्या, तर म्हणायचं बघा, मरण आरओएसमुळेच येत होतं. माझ्या सेल्स झकास वाचल्या होत्या, थिसिसमधला सगळ्यात देखणा फोटो होता तो. पण प्लंबॅजिन हे नॅफ्थोक्विनोन आहे, त्याच्या रिंगवर एक मोकळी जागा असते आणि गंधकवाला थायॉल गट तिथे जाऊन चिकटतो. एनएसीत थायॉलच आहे. म्हणजे मी एकाच वेलमध्ये (प्लेटमधल्या खळग्यात) औषध आणि औषधाला बांधून टाकणारी दोरी दोन्ही घातलं होतं, सेल्सपर्यंत औषध पोचलंच किती कोणास ठाऊक. केमिस्ट्री विभागातल्या मैत्रिणीने नुसत्या बफरमध्ये दोन्ही एकत्र करून शोषणाचा आलेख काढून दिला, प्लंबॅजिनचा मूळ उंचवटा बघता बघता खाली बसला. शिवाय एनएसीची हायड्रोजन पेरॉक्साइडशी रिअॅक्शन तशी खूपच मंद असते. तो फोटो थिसिसमधून काढला. काढताना हात जड झाला हे खरं आहे.

मग डाय बदलायची. मायटोसॉक्स आणली, महाग, इवल्याशा ट्यूबमध्ये येते. ही डायहायड्रोइथिडियमला ट्रायफिनाइलफॉस्फोनियमची शेपटी लावून बनवलेली, त्या शेपटीवर पॉझिटिव्ह चार्ज असल्यामुळे ती मायटोकॉन्ड्रियात ओढली जाते, पडद्यावरच्या दर ६० मिलिव्होल्टला दहापट साठते. सुपरऑक्साइड भेटलं की लाल. मी ५ मायक्रोमोलर घातली आणि बघते तर मायटोकॉन्ड्रियाचे धागे राहिले बाजूला, न्यूक्लियस लाल! जास्त डाय घातली की ती सांडते आणि डीएनएला जाऊन चिकटते, आणि औषधाने मायटोकॉन्ड्रियाचा व्होल्टेज पाडला तरी तेच. ०.५ मायक्रोमोलरवर आल्यावर धागे नीट दिसायला लागले, शेवयांसारखे बारीक.

पण लाल म्हणजे सुपरऑक्साइडच, हेही खरं नाही. सुपरऑक्साइडने बनणारं हायड्रॉक्सी रूप वेगळं आणि बाकी कशानेही ऑक्सिडेशन झालं तर बनणारं साधं इथिडियमसारखं रूप वेगळं, पण दोन्ही लालच आणि मायक्रोस्कोपला जवळजवळ सारखीच. हे दोन वेगळे पदार्थ आहेत हे बालरामन कल्याणरामन यांच्या मिलवॉकीच्या लॅबने २००३ मध्ये दाखवलं, आणि वेगळे ओळखायचे तर एचपीएलसी, म्हणजे द्रवातले पदार्थ वेगळे करून मोजायची पद्धत. तर एचपीएलसी केलं. सेल्स फोडून, अंधारात, बर्फावर, रात्री दोनपर्यंत. दोन पीक आले, म्हणजे आलेखावर दोन उंचवटे. प्लंबॅजिनने हायड्रॉक्सीवाला पीक वाढला होता, नक्की वाढला होता, तिन्ही वेळा, पण फोटोत जितकं लाल दिसत होतं त्यातला मोठा वाटा दुसऱ्या पीकचा होता. मी त्या रात्री पहिल्यांदा खुश झाले. वाढ छोटी होती पण ती सुपरऑक्साइडची होती आणि मी ते हात वर करून सांगू शकत होते.

बोरोनेट डायचाही विचार केला होता. बर्कलीत ख्रिस चँग यांच्या लॅबने २००४ पासून हायड्रोजन पेरॉक्साइडसाठी अशा डाय आणल्या, पेरॉक्सी ग्रीन वगैरे, आणि डीसीएफपेक्षा त्या कितीतरी प्रामाणिक. अडचण वेगाची. सेलमधलं पेरॉक्सिरेडॉक्सिन हे प्रोटीन हायड्रोजन पेरॉक्साइडला या डायच्या जवळपास कोटीपट वेगाने गाठतं, मग डायच्या वाट्याला उरणार काय, आणि पेरॉक्सिनायट्राइट (असाच आणखी एक तापट रेणू) असेल तर डाय आधी त्याच्याशीच भिडते, तीही साधारण दहा लाखपट वेगाने. मला मिनिटामिनिटाला काय होतंय ते बघायचं होतं त्यामुळे हे सोडलं.

शेवटी एका मैत्रिणीच्या लॅबमधून हायपर-सातचं प्लाझ्मिड आणलं, म्हणजे सेलला स्वतःच पेरॉक्साइड ओळखणारं चमकतं प्रोटीन बनवायला लावणारं डीएनएचं वर्तुळ, आणि याच्याबद्दल मी तासभर बोलू शकते. बॅक्टेरियात ऑक्सीआर नावाचं प्रोटीन असतं, हायड्रोजन पेरॉक्साइड आलं की त्याच्या दोन सिस्टीनमध्ये गंधकाचा पूल बांधला जातो आणि प्रोटीनचा आकार बदलतो. मॉस्कोतल्या मंडळींनी २००६ मध्ये हे प्रोटीन आणि पिवळं चमकणारं प्रोटीन एकत्र गुंफून हायपर बनवलं. पहिल्या हायपरला पीएच बदलला तरी भास व्हायचा, २०२० मध्ये आलेल्या हायपर-सातमध्ये तो त्रास फार कमी झाला आणि संवेदना खूप वाढली. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे हे दोन रंगांच्या प्रकाशाने वाचायचं, ४०५ आणि ४८८, आणि एकाला दुसऱ्याने भागायचं. ट्रान्सफेक्शन (सेल्समध्ये हा डीएनए घालणं) कधीच सारखं होत नाही, एक सेल बल्बसारखी पेटलेली असते आणि शेजारची मिणमिणती, पण भागाकार केला की दोघींचा आकडा जवळजवळ एकच येतो. डीसीएफमध्ये जास्त डाय खाल्लेली सेल जास्त हिरवी दिसते आणि आपण तिला जास्त आरओएस म्हणतो, इथे ती फसगत होत नाही. आणि हे उलट फिरतं. सेलने पेरॉक्साइड साफ केलं की पूल सुटतो, रेशो खाली येतो. डीसीएफ एकदा हिरवी झाली की झाली.

पहिल्या दिवशी २० मायक्रोमोलर पेरॉक्साइड, बाटली सकाळीच मोजलेली, बफरमध्ये पायरुवेट नाही. थेंब टाकला आणि मिनिटाच्या आत निळ्या सेल्स पिवळ्या झाल्या, म्हणजे रेशोला आम्ही असे रंग दिले होते. मग मी हलले नाही जागेवरून, आणि हळूहळू त्या परत निळ्या होत गेल्या, आधी पातळ पसरलेल्या कडा, मग मधला भाग. सेल आपलं घर आपण झाडून काढतेय हे मी समोर बसून बघितलं. डोळ्यात पाणी आलं होतं, सांगायला संकोच नाही.

प्लंबॅजिनने काय केलं? रेशो वाढला, पण झटकन नाही, सावकाश, आणि औषध धुऊन काढलं की खाली यायला लागला. पेरॉक्साइड न ओळखणारं बदललेलं हायपर घातलेल्या सेल्समध्ये काहीच हललं नाही. पेरॉक्साइड मोडणारं कॅटलेज हे एन्झाइम जास्त बनवणाऱ्या सेल्समध्ये वाढ दबली. आणि दर प्रयोगाच्या शेवटी मी लेन्स बदलून आजूबाजूचा न स्कॅन केलेला भाग बघते, चौकोन दिसतोय का. ४०५ चा लेझर पण जोरात लावला तर गडबड करतो, म्हणून पॉवर अगदी कमी आणि फोटो दीड मिनिटाला एकच, फोटो खरखरीत येतात पण येऊ देत.

या सगळ्याला चौदा महिने गेले. मधल्या काळात २०२२ साली केंब्रिजचे मायकल मर्फी आणि जगभरातल्या इतर बऱ्याच लोकांनी मिळून लिहिलेल्या मार्गदर्शक सूचना मॅडमनी लॅबमध्ये सगळ्यांकडून वाचून घेतल्या. त्यात स्पष्ट आहे की नुसतं आरओएस लिहू नका, कोणता रेणू ते लिहा, कारण सुपरऑक्साइड आणि पेरॉक्साइड यांचा स्वभाव वेगळा, आयुष्य वेगळं, सेलमधलं काम वेगळं. माझ्या चॅप्टरचं नाव आधी होतं, प्लंबॅजिनमुळे आरओएसनिर्मिती. आता आहे, प्लंबॅजिन दिलेल्या हेला सेल्सच्या सायटोसॉलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड. (सायटोसॉल म्हणजे सेलच्या आतला द्रव.) नाव लांबलं, आणि दावा आखडला. सेल्स त्याच पेरॉक्साइडमुळे मरतात का, हे मी लिहिलेलं नाही, कारण ते मी दाखवलेलं नाही. प्रोग्रेस सेमिनारमध्ये एका परीक्षकांनी विचारलं की मग एवढ्या वेळात नवीन काय मिळालं, तेव्हा मी चौकोनाचा फोटो लावला आणि शांतपणे सगळं सांगितलं. त्यांनी शेवटी तो फोटो त्यांच्या विद्यार्थ्यांना दाखवायला मागून घेतला.

जे आत्ता सुरू करतायत त्यांना हायपर-सात लगेच मिळेलच असं नाही, लॅबमध्ये कॉन्फोकल नसेल, पैसे नसतील, मला माहितीय, आमच्याकडेही डायच्या एका ट्यूबवर सहा महिने काढलेत. मग डीसीएफ वापराच, पण सेल्सशिवायची वेल लावा, डायशिवायची वेल लावा, औषध आणि डाय नुसतीच एकत्र करून बघा, पेरॉक्साइडची बाटली मोजा, मीडियाचं लेबल वाचा, आणि लिहिताना एवढंच लिहा की डीसीएफचं ऑक्सिडेशन वाढलं. एवढं वाक्य खरं असतं.

मायटोकॉन्ड्रियात बसणारं हायपर-सात आता हातात आलंय, बॅक्टेरियात वाढवून डीएनए काल काढला, छान आलाय. सोमवारी रात्री नऊचा स्लॉट आहे. पायरुवेट नसलेला बफर आजच करून फॉइलमध्ये गुंडाळून ठेवलाय.